मथुराबाईंचं बेट

मथुराबाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो साठी उलटल्यावर. हडपसरच्या महिला मंडळाची सहल अंदमानला गेली होती. बाकीच्या बायका साड्या वर खोचून पाण्यात शिरल्या, पोरींसारख्या किंचाळल्या आणि फोटो काढून लगेच घरी धाडू लागल्या. मथुराबाईंनी लाटांना लांबूनच हात जोडले, पाय ओले केले न केले, आणि समुद्राकडे पाठ फिरवून त्या मुक्कामाच्या घरामागच्या बागेत जाऊन बसल्या.

ती बाग बघून त्यांना काही सुचेना. केळी होत्या, पण एकाही घडाला टेकू नव्हता. अळू कमरेला लागेल एवढा माजला होता, पण त्याचं एक पान कोणी खुडलेलं नव्हतं. पोपटाच्या चोचीसारखी तांबडी-पिवळी फुलं दांड्यावरून ओळीनं लोंबत होती. खाली नेच्यांची दाटी, मध्ये पाण्याचं छोटं डबकं, आणि या सगळ्यावर सावली धरून उभे असलेले चार माड.

शेजारच्या गल्लीतली त्यांची मैत्रीण जुबेदा ओल्या कपड्यांनी त्यांना शोधत आली.

“भाभी, समिंदर तिकडं हाय.”

“बघितला. लई मोठा हाय,” मथुराबाई म्हणाल्या. “आता मला ह्ये बघू दे.”

संध्याकाळी त्यांनी घरमालकाला गाठलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, एवढ्या केळीचं, एवढ्या अळवाचं तुम्ही करता काय? तो हसला. “कुछ नहीं, अम्मा. अच्छा लगता है.”

हे उत्तर मथुराबाईंच्या डोक्यात घर करून बसलं. झाड नुसतं चांगलं दिसतं म्हणून लावायचं, ही गोष्ट त्यांनी जन्मात केली नव्हती. माहेरी पानमळा होता. तिथे लहानपणापासून त्यांनी वेली चढवल्या, पानं खुडली, पानांच्या करंड्या भरल्या. लग्न होऊन हडपसरला आल्या तर इथे मेथी, कोथिंबीर, पालक. भल्या पहाटे जुड्या बांधायच्या आणि टेम्पोत बसून मंडईत जायचं. रोप दिसलं की त्यांचे डोळे आधी त्याच्या जुड्या मोजायचे. पुढे शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं आणि बांधही ओलांडून गेलं. शेवटचा मेथीचा तुकडा बिल्डरकडे गेला आणि तिथे बावीस मजले उभे राहिले. घरात कशाला कमी नव्हतं. मुलगा नोकरीला, सून सोनाली आयटीत, पुढच्या गाळ्यांना भाडेकरू. पण सकाळी उठलं की मथुराबाईंना हातांचं काय करावं ते कळायचं नाही. तुळशीला पाणी घालून होई तोवर उजाडलेलंही नसायचं.

सहलीहून आल्या त्या दिवशी पिशव्या ओट्यावर टेकवल्या टेकवल्या त्यांनी जाहीर केलं, “मी म्हागं परसात बेट करणार हाय.”

त्यांचे यजमान आप्पासाहेब पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, “बांबूचं?”

“बांबूचं न्हाय. समुद्रातलं. तिकडं बघितलं तसं.”

“अस्सं. मग समुद्र कधी येतोय? टँकरवाल्याला सांगून ठेवतो.”

आप्पासाहेबांचं बोलणं हे असंच होतं. चाळीस वर्षांत मथुराबाईंना त्याची सवय झाली होती. त्या नुसत्या म्हणाल्या, “आणि तेवढा ट्रॅक्टर हलवावा लागंल.”

आता मात्र पेपर खाली आला. “ट्रॅक्टर हलणार न्हाय.”

घरामागे जुना गोठा होता. जनावरं गेल्यावर तो पाडला आणि दोन-अडीच गुंठ्यांची जागा मोकळी झाली. त्या जागेच्या बरोबर मधोमध निळी ताडपत्री पांघरून आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर उभा होता. शेवटचं शेत गेलं त्या दिवशी त्यांनी तो तिथे आणून लावला, किल्ली खिशात टाकली, आणि त्यानंतर पुन्हा त्यावर बसले नाहीत. विकायला काढला नाही आणि धुतलाही नाही. मुलानं एकदा “आप्पा, भंगारात तरी...” एवढं म्हटलं होतं, तर ते दोन दिवस जेवले नव्हते. त्यामुळे मथुराबाईंनी वाद घातला नाही. ट्रॅक्टरच्या कडेकडेनं बेट करायचं त्यांनी ठरवलं.

सोनालीला ही कल्पना भलतीच आवडली. रविवारी मोबाईल घेऊन ती सासूजवळ बसली. “आई, याला ट्रॉपिकल लुक म्हणतात. मागे उंच झाडं, मध्ये बुशी, पुढे एकदम लो. सगळं डेन्स हवं, माती दिसायला नको.”

“माती दिसली तर काय हुतंय?”

“लुक जातो.”

दोघी स्कूटरवरून नर्सरीत गेल्या. तिथला माणूस उत्साहानं एकेक कुंडी पुढे करू लागला. हे एलिफंट इअर. हे जिंजर लिली. हे कॅना. मथुराबाई प्रत्येक पानाला हात लावून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता. “अगं सोनाली, ह्यो तर अळू! ह्यो सोनटक्का. आन् ही आपली कर्दळ, वढ्याकडंला असायची बघ.” नावं कितीही लांबची असली तरी निम्मी मंडळी ओळखीची निघाली, म्हणून त्यांना धीर आला. त्यांनी फक्त ती चोचीसारख्या फुलांची हेलिकोनिया घेतली आणि दोन पाम घेतले. बाकीचं गणगोतातून गोळा झालं. केळीची पिल्लं नणंदेकडून, सोनटक्क्याचे गड्डे भजनी मंडळातल्या गोदाबाईंकडून, हळदीचे कंद घरच्याच डब्यातून. जुबेदानं तिच्या मोरीमागे वाढलेले नेचे टोपलीभर आणून दिले. “घे भाभी. हमारे यहां तो ये अपने आप उगता है, नवरा रोज उपटून काढतो.”

गोठ्यातल्या जुन्या हौदाची गळती त्यांनी बुजवून घेतली. त्यात कमळ सोडलं, डास होऊ नयेत म्हणून छोटे मासे सोडले आणि तो त्यांचा समुद्र झाला. समुद्राला किनारा हवा म्हणून सोनालीनं हौसेनं पांढरट वाळू मागवून भोवती पसरली. दोन दिवस किनारा फार सुंदर दिसला. तिसऱ्या दिवसापासून गावठाणातल्या झाडून सगळ्या मांजरांना त्या वाळूचा उपयोग कळला. आप्पासाहेब नाकाला उपरणं लावून म्हणाले, “अंदमानला बी असाच वास येतो का?” वाळू काढून टाकली आणि तिथे गोटे पसरले.

हे सगळं होईपर्यंत मार्च सरला होता, आणि इथेच मथुराबाईंची चूक झाली. हौसेच्या भरात त्यांनी ऋतू पाहिला नाही. बेटावर उन्हातही हवा ओलसर असते. हडपसरच्या एप्रिलात सिमेंटच्या इमारती तापतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून भट्टीतल्यासारखा वारा सुटतो. केळीची पानं कडेनं करपून चिंध्या झाल्या. नेचे वाळून झाडूसारखे झाले. हेलिकोनियानं माना टाकल्या. मथुराबाई सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होत्या, पण पाणी मुळाशी आणि आग वर, अशी गत.

“बुडालं का बेट?” एका दुपारी आप्पासाहेबांनी विचारलं.

एरवी मथुराबाईंनी सव्याज उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्या ताट वाढून आत जाऊन पडल्या. आप्पासाहेबांनी जेवता जेवता दोनदा आतल्या दाराकडे बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात धप्पकन आवाज झाला. मथुराबाई जाऊन बघतात तर आप्पासाहेब स्कूटरवरून एक भलंमोठं पोतं खाली ढकलत होते. पोत्यात उसाच्या रसवंतीतली चिपाडं होती.

“ही कशाला?”

“रसवाला टाकून देत हुता. बुडात आंथर, वल टिकंल. मला काय त्याचं. पडलीच हायेत म्हणून आणली.”

चिपाडांचा तो गोडसर, आंबूस वास नाकात गेला आणि मथुराबाईंना एकदम माहेरचा पानमळा आठवला. भर उन्हाळ्यातही मळ्यात शिरलं की अंगाला गारवा लागायचा. तिथे आधी शेवरी लावत. शेवरी भराभर वाढायची, वारा अडवायची, झिरझिरीत सावली धरायची, आणि मग तिच्या आडोशानं वेल सुखानं वर जायची. आपण आडोसा न करताच नाजूक जिवांना उन्हात उभं केलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या कपाळावर हात मारून मोठ्यानं हसल्या.

“काय झालं?” आप्पासाहेबांनी दचकून विचारलं.

“काय न्हाय. शेवरीचं बी कुठं मिळंल?”

बी आप्पासाहेबांनीच एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणलं. पश्चिमेच्या अंगानं दाट दोन ओळी पेरल्या. तोवर जुन्या साड्यांचं छत बांधून मथुराबाईंनी जगलेली झाडं झाकली. कोणाची हिरवी काठापदराची, कोणाची फुलाफुलांची. बाविसाव्या मजल्यावरून बघणाऱ्यांना खाली लग्न असावं असं वाटलं असेल. शेवरी मेअखेर खांद्याला लागली. पाऊस सुरू झाला तेव्हा तर बेट असं उसळलं की पायवाट शोधावी लागे. केळीला नवी पानं फुटली, अळू पसरला, करपलेल्या हेलिकोनियाच्या बुडातून एकाच्या जागी पाच कोंब आले. ताडपत्रीतल्या ट्रॅक्टरच्या चाकांवर हळदीची पानं टेकली. आप्पासाहेब ती पानं बाजूला करत, पण तोडत नसत, हे मथुराबाईंनी बघून ठेवलं.

एकच उणीव होती. माड नव्हता. नर्सरीतले पाम अजून गुडघ्याएवढे होते. माडाशिवाय बेट म्हणजे मथुराबाईंना कुंकवाशिवाय कपाळ वाटत होतं. रोप लावावं तर तो वाढणार कधी आणि आपण बघणार कधी?

श्रावणात जुबेदा बातमी घेऊन आली. सोलापूर रस्त्याकडे श्यामला केळकर म्हणून एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांचा बंगला पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. अंगणात दोन माणसांच्या उंचीचा माड होता, आणि तो जपून हलवायची परवानगीही महापालिकेकडून आली होती. फक्त न्यायला कोणी मिळत नव्हतं. जुबेदाचा नवरा चांद हा मेकॅनिक. श्यामलाबाईंची गाडी दुरुस्तीला त्याच्याकडे असायची, म्हणून त्याला हे कळलं.

मथुराबाई त्याच दिवशी जुबेदाला घेऊन तिथे धडकल्या. श्यामलाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

“आपल्याला काय हवंय?”

“माड.”

“न्या. बिल्डर म्हणतो चौथ्या मजल्यावर मला तो ठेवता यायचा नाही. मी त्याला विचारलं होतं.” मग त्यांनी मथुराबाईंकडे नीट पाहिलं. “पण जगवणार असाल तर न्या. शोभेला मरून पडणार असेल तर इथेच पडू दे.”

“जगवीन,” मथुराबाई म्हणाल्या. श्यामलाबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी दोघींना आत बोलावून चहा दिला.

खणायला बंगल्यावर जेसीबी होताच. अडचण होती ती आणण्याची. टेम्पोवाले येत, माड बघत आणि मान हलवून जात. लांबी बसत नव्हती. मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याचं वजनही मोठं होतं. क्रेनवाला म्हणाला पुढच्या महिन्यात. आणि बंगला तर त्याच आठवड्यात पाडायचा होता.

रात्री जेवताना मथुराबाई सोनालीला हे सांगत होत्या. आप्पासाहेब खाली मान घालून भाकरी चुरत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “गोळा केवढा हाय?” मथुराबाईंनी हात पसरून दाखवला. ते “हं” म्हणाले आणि ताक प्यायले.

सकाळी मथुराबाई फुलं तोडायला परसात गेल्या तर ट्रॅक्टरवरची ताडपत्री घडी घालून बाजूला ठेवलेली. चांद इंजिनात डोकं खुपसून उभा होता आणि आप्पासाहेब त्याला पाने-पकडी देत होते.

“उंदरांनी वायरी खाल्ल्यात सगळ्या,” चांद म्हणाला. “पण इंजिन चांगलंय, आप्पा. तुम्ही उगीच झोपवून ठेवलं त्याला.”

आप्पासाहेबांनी पुढचा पाना त्याच्या हातात ठेवला. दुपारपर्यंत चांदनं नवी बॅटरी बसवली, वायरी जोडल्या. आप्पासाहेबांनी खिशातून किल्ली काढली. ती ते रोज खिशात बाळगत होते हे मथुराबाईंना तेव्हा कळलं. पहिल्यांदा नुसता खोकल्याचा आवाज झाला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट उठला आणि धडधड सुरू झाली. त्या आवाजानं अळवातून दोन मांजरं आणि एक मुंगूस पळालं. आप्पासाहेब सीटवर बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. इंजिनाबरोबर त्यांचे खांदे थरथरत होते. त्यांनी मथुराबाईंकडे बघितलं नाही आणि मथुराबाईही मुद्दाम मोगऱ्याकडे वळल्या.

रविवारी माड निघाला. जेसीबीनं तो मुळांच्या गोळ्यासकट उचलून ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत आडवा केला. गोळा पोत्यांनी गुंडाळला, झावळ्या वर बांधल्या, मागे लोंबणाऱ्या शेंड्याला सोनालीनं लाल ओढणी बांधली. श्यामलाबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी खोडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, “रस्त्यात पाडू नका म्हणजे झालं.”

आप्पासाहेबांनी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली होती. मथुराबाई ट्रॉलीत बसून झावळ्या धरून होत्या. जुबेदा त्यांना धरून होती. मागून सोनाली स्कूटरवर. ही वरात बैलाच्या चालीनं मुख्य रस्त्याला लागली आणि मागे बसचा, रिक्षांचा, मोटारींचा सगळा लोंढा अडकला. हॉर्न वाजू लागले. मग लोकांना दिसलं काय चाललंय, आणि हॉर्नच्या जागी मोबाईल वर झाले. बसच्या खिडकीतून एक म्हातारा ओरडला, “नारळ धरलाय का?” मथुराबाईंनी ओरडून सांगितलं, “धरंल! हौस धरलीय, नारळ बी धरंल!”

चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली. “आप्पा, काय हो हे?”

“घरजावई आणतोय,” आप्पासाहेब म्हणाले.

पोलिसानं माडाकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, मागच्या गर्दीकडे पाहिलं. परवानगीचा कागद सोनालीनं पुढे केला तोही वाचला. मग त्यानं दोन्ही हात आडवे करून बाकीची वाहतूक थांबवली आणि ट्रॅक्टरला वाट करून दिली.

परसात आल्यावर मागोमाग पोचलेल्या जेसीबीवाल्यानं विचारलं, “खड्डा कुठं घेऊ?” मथुराबाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथेच काय ती जागा होती, कारण ट्रॅक्टर परत मधोमध येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

“तिथं कशाला कोपच्यात?” आप्पासाहेब ट्रॅक्टरवरूनच म्हणाले. “हितं मधी खांदा. माड का कोपऱ्यात आस्तो?”

“आणि ट्रॅक्टर?”

“पुढं दारात लावतो. चालता गडी हाय आता तो.”

पहिले दोन महिने माडानं सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. खालच्या झावळ्या एकेक करून पिवळ्या पडल्या, मग तपकिरी झाल्या. मथुराबाई रोज खोडाला कान लावायच्या, जणू आतून काही ऐकू येणार होतं. श्यामलाबाईंचा दर आठवड्याला फोन यायचा. “आहे का?” एवढंच विचारायच्या. मथुराबाईही “हाय” एवढंच सांगायच्या, आणि फोन ठेवल्यावर शेंड्याकडे बघून उसासा टाकायच्या. दसरा झाला. दिवाळीच्या आधी एका सकाळी आप्पासाहेब शिडी लावून वर चढलेले दिसले. त्या वयात शिडीवर बघून मथुराबाई ओरडणारच होत्या, तेवढ्यात तेच वरून ओरडले, “नव्या पानाचा सुळका आलाय! हिरवा! बोटाएवढा!” त्या संध्याकाळी फोन मथुराबाईंनीच केला. श्यामलाबाई म्हणाल्या, “बरं. उद्या बघायला येते. उगाच सांगत नाही ना?”

संक्रांतीनंतर मथुराबाईंनी हळदीकुंकू ठेवलं ते घरात नाही, बेटावर. केळीच्या दोन रांगांमध्ये सतरंज्या अंथरल्या. गावठाणातल्या बायका आल्या. जुबेदा तिळगूळ घ्यायला दरवर्षी यायचीच, या वेळी ती नेच्यांची खबर घ्यायलाही आली. श्यामलाबाई रिक्षानं आल्या आणि माडाखालची खुर्ची त्यांनी कोणाला न विचारता घेतली. सोनालीनं समोरच्या बावीस मजली इमारतीतल्या मुलींनाही बोलावलं होतं. त्या वर्षभर वरून बघत होत्या, खाली पहिल्यांदाच आल्या. हौदातलं कमळ, माडाचं हिरवंगार नवं पान, ओल्या मातीचा वास, हे सगळं बघत त्या जरा दबकूनच बसल्या.

वाण म्हणून मथुराबाईंनी प्लॅस्टिकचे डबे लुटले नाहीत. केळीच्या पानात गुंडाळलेले हेलिकोनियाचे कोंब आणि सोनटक्क्याचे गड्डे सुपात मांडून ठेवले होते. प्रत्येकीच्या ओटीत एकेक घातला. समोरच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहणारी आम्रपाली नावाची मुलगी हातातल्या कोंबाकडे बघत म्हणाली, “काकू, मला काहीच येत नाही हो. बाल्कनीत जगेल का हे? आणि खूप वारा असतो आमच्याकडे.”

“वारा कुठनं येतो?”

“म्हणजे... बाहेरून.”

मथुराबाई हसल्या. “उद्या येते बघाया.”

दुसऱ्या दिवशी त्या खुरपं आणि शेवरीचं बी पदरात बांधून लिफ्टमध्ये शिरल्या. आम्रपालीच्या बाल्कनीत त्यांनी वारा कुठल्या अंगाचा ते पाहिलं, एसीच्या गरम झोताजवळून कुंड्या हलवल्या, मोठ्या कुंडीत आडोशाला शेवरी टाकली आणि तिच्या आड हेलिकोनिया बसवली. तोवर शेजारच्या दोघी आपापले कोंब घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग अठराव्या मजल्यावरून बोलावणं आलं, मग बाराव्या.

दुपारचा एक वाजून गेला तरी त्या परतल्या नाहीत. आप्पासाहेबांनी शेवटी फोन केला.

“अगं, हाईस कुठं?”

“आपल्या मेथीच्या रानावर,” मथुराबाई म्हणाल्या. “बाराव्या मजल्यावर. भाकऱ्या दुरडीत हायेत, आमटी गरम करून घ्या. अजून चार घरं राहिलीत माझी.”